मीटर म्हणतं नव्वद

[पहाट. तुळजापूर रस्ता. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून मीटर आणि समोरचा रिकामा रस्ता.]

मोटरसायकलच्या मीटरवर साठ. पुढचे पाच किलोमीटर हा आकडा हलू द्यायचा नाही, एवढंच आज सकाळी ठरलंय. मागे बसलेल्याच्या हातात स्टॉपवॉच आहे. डाव्या हाताला किलोमीटरचा दगड येतो. डोकं पिवळं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. दगड खांद्याला आला की बटण दाबायचं.

साठच्या स्पीडला एक किलोमीटरला एक मिनिट लागतं. पाच किलोमीटरला पाच मिनिटं. पाचच का? एखादा दगड थोडा मागेपुढे रोवलेला असतो. एकाच किलोमीटरवर भरवसा ठेवला तर हिशेब बिघडतो, पाचात ती चूक विरघळते.

[स्टॉपवॉच, जवळून. मागे पाचवा दगड.]

पाच मिनिटं सदतीस सेकंद.

म्हणजे गाडी साठने चाललीच नव्हती. ती चालली होती साधारण त्रेपन्नने. मीटर मात्र पूर्ण वेळ साठ सांगत होतं, अगदी ठाम.

[सोलापूर. सिद्धेश्वर तलाव, किल्ल्याची तटबंदी, मग पूर्व भागातल्या गल्ल्या. यंत्रमागांचा आवाज.]

ही गाडी एका एमआरची. औषध कंपनीचा माल दाखवत हा मुलगा कधी अक्कलकोट, कधी मोहोळ, कधी बार्शी करत असतो. त्याच्या मोबाईलवरचा जीपीएस ऐंशी दाखवतो तेव्हा मीटर नव्वदवर असतं. जीपीएस चाळीस म्हणाला तर मीटर पंचेचाळीस. चार महिने तो हे बघतोय. याच चार महिन्यांत गाडीचं ॲव्हरेज वाढलं, याचा त्याला आनंदही झाला होता. त्या ॲव्हरेजकडे पुढे येऊ.

त्याने दोन-तीन ठिकाणी विचारलं. "मीटर बदला" हे उत्तर सगळीकडे तयार होतं. नवं मीटर म्हणजे हजारोंचा खर्च. शिवाय नवं मीटरही हेच आकडे दाखवणार होतं, कारण दोष मीटरमध्ये नव्हताच. हे ओळखलं पूर्व भागातल्या एका छोट्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने. गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

अण्णांनी पहिल्या दिवशी गाडीला पाना लावला नाही. "मालक, आधी मोजू. मग बघू." म्हणून ती पहाट, ते दगड आणि ते स्टॉपवॉच.

[गॅरेज. लोखंडी ड्रॉवर उघडतो. जुने मीटर, केबली, प्लास्टिकच्या गराऱ्या.]

हा ड्रॉवर बघण्यासारखा आहे. वीस-पंचवीस वर्षांत निघालेलं जुनं सामान अण्णांनी टाकलेलं नाही. त्यातलं एक काट्याचं मीटर ते आपल्यासाठी उघडतात.

आत एक लोहचुंबक. पुढच्या चाकापासून आलेली केबल त्याला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक उथळ वाटी, आणि काटा त्या वाटीला जोडलेला. चुंबक वाटीला शिवत नाही. अण्णा बोटाने चुंबक फिरवतात, बघा, वाटी स्वतःहून ओढली जाते. फिरत्या चुंबकामुळे धातूत विजेचे भोवरे तयार होतात आणि ते वाटीला सोबत खेचतात. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. या दोन ओढींमध्ये काटा जिथे थांबेल तो वेग. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातल्या गाड्यांनी हीच युक्ती वापरली. तुमच्या-आमच्या वडिलांच्या स्कूटरमध्येही हीच होती.

या मीटरची चूकही हाताला लागायची. चुंबकाचा जोर उतरला की काटा कमी दाखवणार, स्प्रिंग सैल पडली की जास्त. आणि एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा: किलोमीटर मोजणारे आकडे त्याच केबलवर, पण दातांच्या चाकांनी फिरायचे. काटा चुकला तरी किलोमीटर बरोबर राहायचे.

[आजची गाडी. गिअरबॉक्सजवळचा सेन्सर. टॉर्चचा उजेड.]

आताच्या गाडीत केबल नाही. या गाडीत गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टजवळ नखाएवढा सेन्सर बसलाय. समोरून दात गेला की तो एक ठोका पाठवतो. मीटर ठोके मोजतं, कारखान्यात भरून दिलेल्या आकड्याने गुणतं आणि उत्तर पडद्यावर टाकतं. रस्ता त्याला दिसत नाही. मागचं टायर केवढं आहे, चेन कोणत्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातांच्या चाकावर, चढलीय, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. कारखान्यात जे होतं तेच आजही आहे, असं ते धरून चालतं.

मग बदललं काय? संशय दोन ठिकाणी. पहिलं टायर.

[खडू, टेप, फरशी.]

टायरच्या तळाशी खडूची रेघ, बरोबर तिच्या खाली फरशीवर दुसरी. मालक सीटवर बसलेला, कारण वजनाखाली टायर दबतं आणि मोजायचं असतं ते दबलेलं टायर. एक पूर्ण फेरा, पुन्हा रेघ. मधलं अंतर १ मीटर ९४ सेंटीमीटर. टायरवरचा नंबर १४०/७०-१७, त्यावरून हिशेब केला तर १ मीटर ९७ सेंटीमीटर येतात. दबलेल्या, थोड्या झिजलेल्या टायरला एवढा फरक पडतोच. टायर संशयातून सुटलं.

[चेनचं कव्हर काढलं जातं. ग्रीस पुसलं जातं. पुढचं स्प्रॉकेट.]

दुसरा संशय इथे. अण्णा एका दातावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देतात आणि मोजायला लागतात. ठिपका परत वर येतो तेव्हा मोजणी चौदावर असते. फडक्याने आणखी पुसल्यावर स्प्रॉकेटवर कोरलेला आकडाही दिसतो. चौदा. या गाडीला कंपनीकडून येतं ते पंधरा दातांचं.

चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये चेनकीट बदललं होतं. पिकअप चांगला मिळेल म्हणून तिथे एक दात कमी घेतला. पिकअप मिळालाही. पण आता तेवढाच रस्ता कापायला शाफ्टला जास्त फेरे मारावे लागतात, म्हणजे ठोके जास्त. पंधराला चौदाने भागा: सात टक्क्यांहून थोडे अधिक.

[यंत्रमाग. बाजूची दातांची चाकं, जवळून. चादर पुढे सरकतेय.]

अण्णांना हे समजावायला गाडी लागत नाही. त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारे मिस्त्री, होते. मागाच्या बाजूला ही चाकं बघा, विणलेलं कापड ओढून घेणारी. त्यातलं एक मुद्दाम बदलण्यासाठीच असतं, चेंज व्हील. त्याचे दात बदलले की एका इंचात बसणारे बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे बदलतात. चादर दाट किंवा विरळ होते. चाक बदलून कुणाला सांगितलं नाही, तर माग बिचारा त्याच्या परीने बरोबरच चालतो आणि बोल लागतो विणकराला.

"मीटर खोटं बोलत नाय मालक," अण्णा म्हणतात. "त्याला दात किती ते कुणी सांगितलंच नाय."

[सीट निघते. लाल रंगाचं सहा पिनांचं कनेक्टर. स्कॅनर जोडला जातो.]

ते सांगण्याचं साधन हे. गॅरेजमध्ये याला स्कॅनर म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं नवं प्रमाण आलं आणि छोट्या गॅरेजलाही स्कॅनरशिवाय गत्यंतर उरलं नाही. अण्णांनी तो हप्त्याने घेतला.

पहिली पायरी, फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेले बिघाड. एकही नाही. साहजिक आहे, गाडीच्या हिशेबाने काही बिघडलेलंच नाही. मग लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असतानाचे आकडे. स्कॅनर जोडूनच एक फेरी होते आणि पडद्यावर दोन ओळी शेजारीशेजारी धावतात: मीटरचा वेग पंचेचाळीस, एबीएसच्या, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या, पुढच्या चाकावरच्या सेन्सरचा वेग एक्केचाळीस, मग चाळीस. एबीएसचा सेन्सर चाकावरच बसलेला, त्याला स्प्रॉकेटशी काही देणंघेणं नाही. एकाच गाडीत दोन साक्षीदार आणि दोघांची साक्ष वेगळी. बऱ्याच नव्या गाड्यांत मीटर थेट चाकाच्या सेन्सरवरच चालतं, तिथे स्प्रॉकेट बदलून मीटर हलत नाही. या गाडीत हलतं.

[बॅटरीला चार्जरचे चिमटे.]

आता थोडं थांबून बघा. किल्ली ऑन, इंजिन बंद, बॅटरीला चार्जर. आकडा लिहिला जात असताना व्होल्टेज पडलं किंवा कुणी किल्ली फिरवली, तर मीटरच अडकून बसू शकतं. अण्णा किल्लीपाशी पोराला उभं करतात, कुणी हात लावू नये म्हणून. मेनूत दुरुस्तीचा आकडा सापडतो: शून्य टक्के. त्याचा आधी फोटो. जुना आकडा टिपल्याशिवाय नवा लिहायचा नाही, हा इथला नियम.

गाडीवाला मुलगा म्हणतो, "अण्णा, मोबाईलबरोबर जुळवून टाका की. साडेबारा टक्के काढा."

अण्णा नाही म्हणतात. या फिल्ममधली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच.

साडेबारापैकी स्प्रॉकेटचे सात. उरलेले पाच कारखान्याने मुद्दाम ठेवलेले. मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त दाखवतं, कमी कधीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियमही कमी दाखवू देत नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम स्पीडोमीटरचा आहे. कारण साधं आहे: टायर झिजतं, हवा कमी-जास्त होते. आज झिजलेल्या टायरवर मीटर काटेकोर जुळवलं आणि उद्या नवं टायर चढवलं, तर मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागेल. चालवणाऱ्याला ते कळणारही नाही.

आणि दुसरं. जुन्या मीटरमध्ये काटा वेगळा होता आणि किलोमीटर वेगळे, आठवतंय? इथे दोन्ही एकाच ठोक्यांवर चालतात. कारखान्यातले पाच टक्के फक्त वेगाच्या आकड्यात असतात, किलोमीटर सरळ मोजले जातात. साडेबारा काढले असते तर किलोमीटर कमी पडायला लागले असते. शंभर चालून पंच्याण्णवच्या आसपास. तो प्रकार अण्णा करत नाहीत. एकूण किलोमीटरच्या आकड्याला तर ते हातच लावत नाहीत. विकायची गाडी घेऊन लोक येतात, दुप्पट पैसे देऊ म्हणतात. ते चहा पाजून परत पाठवतात.

[स्कॅनरचा पडदा. बोट.]

उणे ६.७. चौदा भागिले पंधरा, तेवढंच. लिही. पडद्यावरची पट्टी भरत जाते. कुणी बोलत नाही.

[किल्ली बंद. किल्ली चालू. मीटर जागं होतं.]

सगळ्याच गाड्यांत हा मेनू नसतो. काहींना सेन्सर आणि मीटरच्या मध्ये बसणारी छोटी डबी लावावी लागते, ती ठोक्यांचा हिशेब बदलून पुढे पाठवते. काहींमध्ये कंपनीच्या स्कॅनरशिवाय दारच उघडत नाही. आम्हाला हे बरोबर वाटत नाही. गाडी ज्याची, तिची दुरुस्ती त्याला त्याच्या विश्वासाच्या मिस्त्रीकडून करून घेता आली पाहिजे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनांचंही क्षेत्र धरलं होतं. अण्णांसारख्यांच्या हातात स्कॅनरची पूर्ण किल्ली यायला हवी. खडू आणि टेप घेऊन फरशीवर बसायची तयारी त्यांच्याकडे आधीपासून आहे.

[दुसरी पहाट. तोच रस्ता, तेच दगड.]

पुन्हा साठ. पुन्हा पाच दगड. पाच मिनिटं पंधरा सेकंद. खरा वेग सत्तावन्न, म्हणजे कारखान्याचे पाच टक्के जिथल्या तिथे. आता ट्रिप मीटर शून्यावर आणि दहा दगडांची फेरी. दुरुस्तीआधी असंच मोजलं होतं तेव्हा १०.७ आले होते. आज दहाव्या दगडापाशी १०.०.

त्या ॲव्हरेजचं उत्तरही इथेच मिळतं. बत्तीस वाटत होतं ते खरं तीसच होतं, किलोमीटर फुगले होते. चार महिन्यांच्या प्रवासभत्त्यात जास्त धरलेले किलोमीटर मुलाने ऑफिसला कळवले, पुढच्या बिलातून ते वळते होतील.

[गॅरेज. लाल कापडी बांधणीची वही.]

तारीख. गाडीचा नंबर. त्या दिवशीचे किलोमीटर. पुढचं स्प्रॉकेट १४, कंपनीचं १५. जुना आकडा ०, नवा उणे ६.७. खाली अण्णांची सही आणि मालकाची सही. त्याच मजकुराची एक चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली, टूलकिटच्या पिशवीत. उद्या कुणी पुन्हा पंधरा दातांचं स्प्रॉकेट बसवलं, तर आकडा शून्यावर न्यायचा हे त्याला सीट उघडल्याबरोबर कळेल.

[सीट खाली बसते. कुलपाचा आवाज.]