फिजीच्या गावातला वाढदिवस

श्रोतेहो, नमस्कार. सुवाच्या साउथ पॅसिफिक विद्यापीठात शिकायला किंवा स्वयंसेवक म्हणून काम करायला गेलेली आपली मुलं कधी कधी फिजीच्या गावात एखाद्या कुटुंबाकडे राहतात. त्या मुक्कामात वाढदिवस आला तर काय करायचं, हा आजचा विषय.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख लपवू नका. यजमानांना ती निदान चार दिवस आधी कळली पाहिजे. तिथे वाढदिवस सगळ्या घराचा असतो, आणि 'मातांगाली' म्हणजे भावकीतली माणसंही बोलावली जातात. मळ्यातून दालो म्हणजे अळूचे कंद आणि कसावा खणून आणायचा, लाकडं गोळा करायची, नारळ सोलायचे, हे काही एका सकाळचं काम नाही. आयत्या वेळी सांगितलंत तर घरच्यांना चुटपुट लागते. पाहुण्यासाठी काहीच करता आलं नाही, असं त्यांना वाटतं. तारीख रविवारी येत असेल तर शनिवारीच साजरं करा. रविवार प्रार्थनेचा असतो, त्या दिवशी गावात गडबड चालत नाही. गावात कोणी वारलं असेल तर कार्यक्रम पुढे ढकला, आणि तो विषय तुम्हीच काढा.

पैसे पुढे करू नका. त्याऐवजी बाजारातून साखर, मैदा, तेल, चहा आणि डबाबंद मासे आणून घरच्या बाईंच्या हाती द्या. इथून खाऊ नेणार असाल तर विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत, त्यामुळे दुधाची मिठाई न नेलेलीच बरी.

आता 'लोवो', म्हणजे जमिनीतली भट्टी. वीस-पंचवीस माणसांसाठी साधारण मीटरभर रुंद आणि गुडघाभर खोल खड्डा पुरतो. त्यात लाकडं रचून वर दगड ठेवतात आणि दीड-दोन तास जाळ करतात. दगड कोरडे आणि भरीव हवेत. ओल्या किंवा भेगाळलेल्या दगडातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, म्हणून जाळ असताना मुलांना लांब ठेवतात. दगडांवरची काजळी जळून ते पांढरट दिसू लागले की तापले. मग धुमसती लाकडं एकूण एक बाहेर काढायची. एखादं राहिलं तर सगळ्या जेवणाला धुराचा कडवट वास लागतो. दगड सपाट करून त्यांवर नारळाच्या झावळ्यांचे हिरवे दांडे अंथरतात. खाली कंद, वर झावळीच्या टोपलीत कोंबडी, डुकराचं मांस आणि मासे, सर्वांत वर पालुसामीच्या, म्हणजे नारळाचा रस भरलेल्या पानांच्या पुड्या. नंतर केळीची पानं, ओली पोती आणि शेवटी माती. कुठूनही वाफ निसटताना दिसली की तिथे आणखी माती लोटायची. दोन ते अडीच तास हात लावायचा नाही. मध्येच उघडलं तर गेलेली उष्णता परत येत नाही आणि कंद आतून कच्चे राहतात.

पालुसामीपाशी कोकणातल्या श्रोत्यांनी जरा थांबावं, कारण ती अळूच्या पानांची असते. दालो म्हणजे आपला अळूच, फक्त तिथे त्याच्या कंदाला भाताइतका मान आहे. कोवळी पानं घ्यायची, देठ आणि जाड शिरा काढायच्या, चार-पाच पानं एकावर एक ठेवून द्रोणासारखी धरायची. त्यात चिरलेला कांदा, मीठ आणि अर्धी वाटी घट्ट नारळाचा रस घालून पुडी घट्ट बांधायची. रस पातळ असेल तर तो गळून जातो, म्हणून खोबरं पहिल्यांदा पाणी न घालता पिळतात. बहुतेक घरांत डबाबंद गोमांसही घालतात. तुम्ही खात नसाल तर बांधण्याआधीच सांगा. आपण अळूत चिंच किंवा आमसूल टाकतो, इथे सहसा आंबट पडत नाही. त्यामुळे घशाची खाज टाळायची तर पान पूर्ण शिजायलाच हवं. चुलीवर वाफवलं तरी पाऊण तासाच्या आत उतरवू नये.

केकऐवजी बऱ्याच घरांत 'पुरिनी' होते. साखर तांबूस होईपर्यंत जाळायची, त्यात नारळाचा रस ओतायचा, मग मैदा आणि बेकिंग पावडर मिसळून डब्यात दोनेक तास वाफवायचं. साखर काळी झाली तर कडू लागते. भांड्यातलं पाणी आटलं तर उकळतंच घाला, गार घातलं की वाफ थांबते. एकविसावा वाढदिवस असेल तर थाट वाढतो, मोठी शोभेची किल्लीही देतात.

जेवण चटईवर पसरलेल्या कापडावर मांडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, कमरेला सुलू गुंडाळावी, टोपी काढावी, आणि प्रार्थना संपेपर्यंत घास उचलू नये. कुणाच्या डोक्यावरून हात नेऊन वाटी घेऊ नका. कोंबडीच्या रश्शासोबत रोटी आली तर चकित होऊ नका. 1879 ते 1916 या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर गेलेल्या भारतीयांनी ती तिथे रुजवली.

रात्री यांगोना, म्हणजे मिरीच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळांचं पेय. बिलो म्हणजे करवंटी समोर आली की एकदा टाळी वाजवा, 'बुला' म्हणा, एका दमात प्या आणि तीन टाळ्या द्या. जीभ बधिर होते, त्यात काळजीचं काही नाही. कमी हवं असेल तर 'लो टाइड' म्हणा, करवंटी अर्धीच भरतील. यांगोनासोबत दारू मात्र घेऊ नका, दोन्हींनी सुस्ती येते आणि यकृतावर ताण पडतो.

शेवटी घरच्यांसाठी. फिजीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे आहे. तुम्ही रात्री बाराला फोन लावलात तर तिथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. दोन शब्द यजमान बाईंशीही बोला. फिजी हिंदी अनेकांना थोडीफार कळते, तेव्हा हिंदीतून आभार मानलेत तरी पोचतील.