डोक्यावरची भरती

अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर आधी ओहोटी कधी ते विचारावं लागतं, आणि ती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते कारण सगळा हिशोब चंद्राचा, उधाण काय नि भांग काय, सगळं तिथीवर. पण डोक्यावरच्या हवेलाही भरती-ओहोटी असते, आणि ती तिथी-बिथी बघत नाही. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला दाब चढतो, पहाटे आणि दुपारी चारला उतरतो. चंद्राचा वाटा इथे अगदीच किरकोळ, खरं काम उन्हाचं, खाली बाष्प तापतं आणि वर ओझोन.

जमिनीवर फरक जेमतेम 2-3 हेक्टोपास्कलचा (हे हवेचा दाब मोजायचं एकक), कुणाला कळतही नाही. पण दाबाची ही लाट वर चढते तशी हवा विरळ होत जाते, जोर तेवढाच आणि हलवायला हवा कमी, म्हणून 90-100 किलोमीटरवर या लाटेचे वारे सेकंदाला 50 मीटरपर्यंत जातात. तिथली हवा थोडी विद्युतभारित असते, ती पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून सरकली की करंट वाहतो, आणि तो अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत दिवसा रोज उमटतो, 40,000च्या आसपास नॅनोटेस्लात (हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) काही दहा नॅनोटेस्लांचा चढउतार. ही वेधशाळा 1904 मध्ये मुंबईहून इथे आणली, कारण तिथे विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांनी मोजमापं बिघडवली असती.

एवढ्या उंचीवरचा आडवा वारा मोजणं त्यातल्या त्यात सोपं, घाट चढून गेलं की कोल्हापूरला त्यासाठीच रडार बसवलेलं आहे. खरी डोकेदुखी उभ्या, म्हणजे वर-खाली वाहणाऱ्या वाऱ्याची. सरासरी काढली तर तो सेकंदाला काही सेंटीमीटर, आणि रडारचा बीम एकच अंश कलला तरी 50 मीटरच्या आडव्या वाऱ्यातले जवळजवळ 87 सेंटीमीटर उभे म्हणून नोंदले जातात, म्हणजे खरा आकडा कुठल्या कुठे बुडाला! आणि तरी तो सोडून चालत नाही, कारण वर जाणारी हवा पसरते, गार होते, आणि तिथलं तापमान बरंचसं त्यावर ठरतं.

तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर हिवाळ्यातल्या एखाद्या निरभ्र दिवशी दहाला आणि चारला बघा, फक्त फोन एकाच मजल्यावर ठेवा, आठेक मीटर वर नेला की एक हेक्टोपास्कल तसाच जातो. पावसाळ्यात नको, तेव्हा कमी दाबाचे पट्टे सगळं झाकून टाकतात.