तीन तासांची बैठक

(लंडन, नॅशनल गॅलरी. पूर्णाकृती चित्र, पायांपासून वर.)

ही क्रिस्टिना. डेन्मार्कची राजकन्या, मिलानची विधवा डचेस. वय 16. ओकच्या फळ्यांवर तैलरंगात उभी आहे, जवळजवळ सहा फूट.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची तिसरी राणी 1537 मध्ये बाळंतपणानंतर वारली, आणि दरबार नवं स्थळ शोधायला लागला. क्रिस्टिना सम्राट पाचव्या चार्ल्सची भाची, ब्रसेल्सला मावशीकडे राहायची. राजा काही मुलगी पाहायला समुद्र ओलांडून जाणार नव्हता. गेला त्याचा चित्रकार, हान्स होल्बाइन. 12 मार्च 1538, दुपारी एक ते चार. बैठक मिळाली तेवढीच.

(होल्बाइनची रेखाटनं, विंडसर.)

तीन तासांत तैलचित्र होत नाही. त्या दिवशीचा कागद आज नाही, पण होल्बाइनची रीत या इतर रेखाटनांत दिसते. गुलाबी अस्तराचा कागद, खडूने चेहरा. कपडे चार रेघांत. साटीन कुठे, मखमल कुठे, ते तिथल्या तिथे जर्मनमध्ये लिहून ठेवलेलं. बाकीचं काम नंतर.

(पुन्हा चित्र. हात.)

आता हात बघा. काळ्या सुतकी पोशाखावर हेच काय ते उजळ. मुठीत हातमोजे, बोटात लाल खड्याची एकच अंगठी. दागिन्यांनी मढवून स्थळ खपवायचा प्रकार इथे नाही. हेन्रीला चित्र भलतंच आवडलं. राजकारण आडवं आलं आणि सोयरीक बारगळली.

(पॅरिस, लूव्र.)

पुढचं स्थळ क्लीव्ह्जची ॲन. 1539 मध्ये ड्युरेनला जाऊन होल्बाइनने तिला चर्मपत्रावर रंगवलं. अगदी समोरून, मोत्यांची टोपी, सोनेरी पट्ट्यांचा लाल झगा. या चित्राने राजाला फसवलं, असं आजही बिनदिक्कत सांगितलं जातं. पण ॲनला प्रत्यक्ष पाहिलेल्या इंग्रज राजदूतानेच चित्र हुबेहूब असल्याचं कळवलं होतं. समोरून काढलेल्या चेहऱ्यात लपवायचं तरी काय?

हेन्रीला ती भेटीत आवडली नाही. जानेवारी 1540 मध्ये लग्न, जुलैत रद्द. सोयरीक जुळवणाऱ्या थॉमस क्रॉमवेलचा त्याच महिन्यात शिरच्छेद झाला. लग्न हे त्याचं एकच कारण नव्हे. होल्बाइनला शिक्षा झाली नाही.