चांदीच्या फितीची गुंडाळी

मंडळी, १९७४ साली प्रवरा नदीच्या काठी दायमाबादला झाडाच्या मुळाशी खणताना एका गावकऱ्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि तो हाकणारा उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक म्हैस. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. त्या रथाचा फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. प्राचीन भारतातलं धातुकाम म्हटलं की मला तरी पहिल्यांदा तोच आठवतो.

पण त्या वस्तू नक्की कधीच्या? दायमाबादला उत्खनन केलेले म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांच्या मते त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या. प्राचीन धातूंचे अभ्यासक डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण केलं, तर त्यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त निघालं. त्या काळातल्या इथल्या इतर तांब्याच्या वस्तूंशी हे जुळत नव्हतं, म्हणून त्यांनी या वस्तू बऱ्याच नंतरच्या असू शकतील असं म्हटलं. वाद अजून मिटलेला नाही. मिटायचा तर वस्तूंच्या भोवतीची माती हवी होती, आणि ती कुणी पाहायच्या आधीच हलली होती. त्या गावकऱ्याचा यात काही दोष नाही, हे आधी सांगतो. त्याने झाड खणलं, एवढंच.

जुन्या वस्तीच्या जागेला आपण ‘पांढरी’ म्हणतो. मातीची घरं पडतात, लोक तीच माती सपाट करून वर नवं घर बांधतात, असं शतकानुशतकं चालतं आणि टेकाड वाढत जातं. तेव्हा खालचं जुनं, वरचं नवं. नियम इतका सोपा आहे, पण जमीन तो पाळत नाही. घुशी बिळं करतात, मुळं खोल जातात, पाचशे वर्षांनी कुणीतरी धान्याचं पेव खणतो आणि तळातली खापरं वर येऊन पडतात. म्हणून उत्खनन करणाऱ्याची नजर वस्तूवर कमी आणि मातीवर जास्त असते. रंग कुठे बदलला, खुरप्याला माती कुठे भुसभुशीत लागली, राखेची रेघ कुठे तुटली, हे सगळं तो टिपत जातो. दोन चरांच्या मध्ये मातीची एक उभी भिंत मुद्दाम राखतात, ती याच थरांचा पुरावा म्हणून.

आता तुम्हाला इराकमध्ये नेतो, उर या शहरात. दक्षिण इराकमधल्या प्राचीन सुमेरी लोकांचं हे शहर. १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षं ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली तिथे खणत होते. राजघराण्याच्या दफनभूमीत त्यांना एक मोठा खड्डा लागला. त्यात ७४ माणसं ओळीने निजलेली, त्यातल्या ६८ स्त्रिया. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. कित्येकींच्या केसांत सोन्याच्या फिती होत्या. काहींच्या फिती चांदीच्या असाव्यात, पण चांदी मातीत टिकत नाही. कवटीवर जांभळट डाग तेवढा राहतो.

एका मुलीच्या डोक्यावर सोनंही नव्हतं आणि डागही नव्हता. तिच्या कमरेपाशी मात्र करड्या रंगाची एक छोटी चकती मिळाली. साफ केल्यावर कळलं, ती घट्ट गुंडाळलेली चांदीची फीत होती. गुंडाळी घट्ट होती आणि वर कापड होतं, म्हणूनच ती टिकली. वूलींनी अंदाज केला की फीत तिच्या खिशात असावी. तिला निघायला उशीर झाला असेल आणि केसांत माळायची राहून गेली असेल.

हा अंदाजच आहे, सिद्ध करता येणार नाही. पण तो करता आला, कारण गुंडाळी कमरेपाशी होती हे कुणीतरी पाहिलं आणि लिहून ठेवलं. तीच फीत नुसती बाजारात आली असती तर वजनावर गेली असती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

जिथे वस्तूच उरलेली नाही, तिथेही जागा उरते. उरच्या तंतुवाद्यांचं लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं. जमिनीत भोकं दिसली तेव्हा वूलींनी ती उकरली नाहीत, त्यांत प्लास्टर ओतलं, आणि नाहीशा झालेल्या लाकडाचा आकार हाती आला. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात जोसेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३ साली हेच केलं होतं, तिथे पोकळ्या माणसांच्या होत्या.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथली घरं आपल्याला कळली ती मुख्यतः खांबांच्या खड्ड्यांवरून आणि चोपलेल्या जमिनींवरून. अशाच एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल डबी निघाली. डबीच्या आत एक ओबडधोबड स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी एक स्त्रीमूर्ती, शिर नसलेली, आणि शेजारी मातीचा बैल. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. दोन्हींत काडी घातली की मूर्ती बैलावर नीट बसते. तीन हजार वर्षांहून जुनी ही पूजा. बैल एकीकडे आणि मूर्ती दुसरीकडे मिळाली असती, तर आपण दोन्हींना खेळणी म्हटलं असतं.

इराकमध्येच उम्मा नावाचं आणखी एक सुमेरी शहर आहे. २००३ च्या युद्धानंतर चोरांनी ते टेकाड रात्रंदिवस खणलं. वरून घेतलेल्या फोटोंत जमीन दिसत नाही, नुसते खड्डेच खड्डे. अशा खड्ड्यांतून निघालेली एखादी दंडगोल मुद्रा, म्हणजे ओल्या मातीवर फिरवून ठसा उमटवायचा छोटा कोरीव दंडगोल, आज कुणाच्या तरी काचेच्या कपाटात असेल. तिच्यावर कोरलेली माणसं, जनावरं अजून स्पष्ट दिसत असतील. पण ती कुणाच्या कमरेला होती, कुठल्या खोलीत, कशाच्या शेजारी पडली होती, ते खड्ड्याच्या कडेला फेकलेल्या मातीबरोबर गेलं.