पीजेच्या कडेकडेनं सायकल

नमस्कार श्रोतेहो. पाचोरा ते जामनेर अशी शंभरएक वर्षं धावलेली आपली 'पीजे' रेल्वे 2020 च्या टाळेबंदीत थांबली, ती कायमचीच. अडीच फुटी रुळांचा हा 56 किलोमीटरचा मार्ग. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावं घेत, मोठे चढ टाळून आखलेला. म्हणून माउंटन बाइक चालवणाऱ्यांना तो खुणावतो.

गाडी बंद झाली तरी जागा रेल्वेचीच आहे. हा मार्ग ब्रॉडगेज होऊन पुढं बोदवडपर्यंत जायचा आहे. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा ठरतो. आणि खरं सांगायचं तर रुळांमधून सायकल चालवण्यात मजाही नाही. खडीत चाक रुततं, रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर मनगटं हादरतात आणि जुन्या पुलांवर दोन स्लीपरच्या मधून थेट नदीपात्र दिसतं. तेव्हा भरावाच्या कडेचे गाडरस्ते आणि शिवरस्ते धरा. ओढा आला की गावातून वळसा घेऊन डांबरी रस्त्याच्या पुलावरून पलीकडं जा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा, मग ते घोट्याएवढं का असेना.

रस्त्यात जिथं रूळ अजून शिल्लक आहेत, तिथं ते काटकोनात ओलांडा. तिरकं गेलं की पुढचं चाक रुळालगतच्या खाचेत घुसतं किंवा गुळगुळीत लोखंडावरून घसरतं.

या वाटेवरचा खरा वैरी म्हणजे काटा. जमिनीलगत पसरलेला सराटा आणि बांधावरची वेडी बाभूळ. साध्या ट्यूबवर एका सकाळी तीन-चार पंक्चर झाले तर नवल मानू नका. म्हणून शक्य असेल तर ट्यूबलेस करून घ्या. 29 इंची चाकाच्या सव्वादोन इंची टायरला साधारण 100 ते 120 मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, लागतं. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, त्यामुळं दर दोन महिन्यांनी टायर हलवून आत द्रव आहे का ते बघा. सराट्याचा काटा टायरमध्ये दिसला आणि हवा जात नसेल, तर वाटेत तो उपटू नका, भोकाला तोच बूच आहे. बाभळीचा लांब काटा मात्र टायरच्या बाजूच्या भिंतीतून आरपार जातो. ते भोक सीलंटनं भरेलच असं नाही, म्हणून एक ट्यूब सोबत हवीच. ती घालण्याआधी टायर आतून जुन्या कापडानं पुसा. कापड जिथं अडकेल तिथं काटा आहे. तो राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होईल.

हवा किती? सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढं 24 आणि मागं 27 पीएसआयपासून सुरुवात करता येईल. ट्यूब असेल तर सहा-सात जास्त, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला नको. पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवस या वाटेला जाऊच नका. चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरतो, चाक फिरेनासं होतं आणि जोर लावला की डिरेलर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग, मुरगळतो. कपाशी उपटायच्या दिवसांत वाटेवर पऱ्हाट्या पडलेल्या असतात, त्या असंच करतात. काडी चाकात गेल्याचा आवाज आला की त्याच क्षणी पेडल थांबवा. डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो, तो वाटेतल्या दुकानात मिळायचा नाही. आपला एक आधीच मागवून पिशवीत टाका. सोबत चेन तोडायचं हत्यार आणि चेनची जोडकडी. हँगर मोडलाच, तर डिरेलर काढून, चेन आखूड करून एकाच गिअरवर गाव गाठता येतं.

शेताकडेनं जाताना ठिबकच्या नळ्या आणि पाइप आडवे आले तर उतरून सायकल उचला. नळी फुटली तर शेतकऱ्याचं नुकसान, आणि पुढच्या सायकलवाल्याला तिथून कोणी जाऊ देणार नाही. मेंढरांचा कळप दिसला तरी उतराच. राखणीची कुत्री पळणाऱ्या चाकामागं धावतात. सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरून चालत गेलात तर बहुतेकदा भुंकून थांबतात.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ताशी बारा किलोमीटरचा वेग आणि थांबे धरून सहा तास ठेवा. पाचोऱ्याहून सकाळी निघालात तर सूर्य समोरच असतो, तेव्हा पुढं छज्जा असलेली टोपी किंवा गॉगल घ्या. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागेल. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. दमलात तर पहूर हे अर्धवट सोडायला सोयीचं ठिकाण आहे: जळगाव–छत्रपती संभाजीनगर महामार्ग तिथूनच जातो, आणि सायकल टाकायला टेम्पो मिळू शकतो.