सरपंच संध्याकाळी माजी होतो तेव्हा

(दृश्य: पहाटेची बाजारपेठ. शटर वर जातायत. एसटी स्टँडवर पहिली गाडी लागलेली. दूरवर ग्रामपंचायतीची इमारत.)

सकाळी सरपंच म्हणून घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी माजी सरपंच होऊन घरी येतो. तो निवडणूक हरलेला नसतो, त्याच्यावर अविश्वास ठरावही आलेला नसतो. मुंबईत नगरविकास विभागाची अधिसूचना राजपत्रात छापून आलेली असते आणि त्याची ग्रामपंचायतच उरलेली नसते.

महाराष्ट्रात हे शंभराहून जास्त गावांनी पाहिलंय. तालुक्याचं ठिकाण असलेल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायच्या, असं राज्य सरकारने २०१४ मध्ये ठरवलं. मग पारनेर, अकोले, मुरबाड, शहापूर, माणगाव, पोलादपूर अशी गावं एकामागून एक शहरांच्या यादीत गेली. तालुक्याचं ठिकाण नसलेलीही काही गावं पुढे त्याच वाटेने गेली. देहू, वैराग, नातेपुते ही त्यांतली.

(दृश्य: कमानी, बसच्या पाट्या, दुकानांवरचे पत्ते.)

काही नगरपंचायतींच्या नावात मधे एक छोटी रेघ असते. देवगड-जामसंडे. कसई-दोडामार्ग. वाभवे-वैभववाडी. महाळुंग-श्रीपूर. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आपापला अभिमान असलेली माणसं राहतात. ‘कार्यालय कुठे असणार?’ हा प्रश्न अशा ठिकाणी रस्ते, पाणी, गटार या सगळ्यांच्या आधी विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही.

(दृश्य: तहसील कार्यालयाचा सूचना फलक. कागदावर कागद चिकटवलेले.)

आता प्रक्रिया. राज्यघटनेची ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलात आली. तिने शहरी संस्थांचे तीन प्रकार सांगितले. मोठ्या शहराला महानगरपालिका, लहान शहराला नगरपरिषद, आणि जे गावही राहिलं नाही नि शहरही झालं नाही, त्याला नगरपंचायत. कायदा अशा भागाला संक्रमणात्मक क्षेत्र म्हणतो. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात त्यासाठी साधारण दहा ते पंचवीस हजार लोकसंख्येचं माप आहे. शेतीबाहेरचा रोजगार किती, हेही पाहिलं जातं. तालुक्याच्या ठिकाणांना मात्र लोकसंख्येच्या अटीतून वाट करून दिली गेली.

आधी प्राथमिक उद्घोषणा निघते. तिच्यावर हरकती आणि सूचना द्यायला तीस दिवस असतात. जिल्हाधिकारी त्या ऐकून सरकारला अहवाल पाठवतात, आणि त्यानंतर अंतिम अधिसूचना निघते.

हे तीस दिवस सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच कुणाच्या लक्षात राहत नाहीत. हद्द कुठवर धरायची, शेजारची वाडी आत घ्यायची की बाहेर ठेवायची, हे त्या महिन्यात बोलायचं असतं. पण तेव्हा कागद फलकावर वाळत असतो. गाव जागं होतं ते नंतर, घरपट्टीचं बिल हातात पडल्यावर.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं दप्तर. कापडात बांधलेले गठ्ठे. एक कर्मचारी यादीवर खुणा करतोय.)

अधिसूचना निघाली की प्रशासक येतो, बहुधा तहसीलदारच. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी येतात. नव्या नगरपंचायतीला पूर्णवेळ मुख्याधिकारी मिळणं हे नशीब. अनेकदा शेजारच्या नगरपरिषदेचे साहेब अतिरिक्त कार्यभार सांभाळतात आणि आठवड्यातल्या ठरावीक दिवशी भेटतात.

दप्तर हस्तांतरित होतं. त्यासोबत नळ सोडणारा, दिवाबत्ती बघणारा, झाडणारी बाई, वसुली करणारा कारकून ही माणसंही पुढे जायची असतात. पण ग्रामपंचायतीने गरजेपुरतं नेमलेल्या माणसाचं नगरपंचायतीच्या आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या ठरलेल्या आराखड्यात, समावेशन व्हायचं तर पद मंजूर लागतं, शैक्षणिक पात्रता लागते. वीस वर्षं गावाच्या टाकीवर चढलेल्या माणसाला तेव्हा दहावीची गुणपत्रिका विचारली जाते. नव्या नगरपंचायतींमधली बरीच आंदोलनं इथून सुरू झालीत, आणि ती रास्त आहेत.

(दृश्य: कोऱ्या नकाशावर प्रभागांच्या रेषा उमटत जातात.)

मग निवडणूक. नगरपंचायतीत सतरा प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक. गंमत अशी, की मोठ्या ग्रामपंचायतीतही सदस्य सतराच असतात. पण तिथे एका वॉर्डात दोन-तीन जण मिळून निवडून येतात, इथे एकाला एकट्याने जिंकावं लागतं. प्रभाग पाडताना उत्तरेकडून सुरुवात करायची, सरकत सरकत शेवट दक्षिणेला करायचा. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाने मोजलेल्या घरांचा पट्टा, फोडायचा नाही. आणि आकडे २०११ च्या जनगणनेचे, कारण त्यानंतरचे हाताशी नव्हते. गावाबाहेर उभी राहिलेली नवी वसाहत त्या आकड्यांत दिसतच नाही.

बारा हजार वस्तीचं गाव धरा. सतराने भागलं की एका प्रभागात साधारण सातशे माणसं. त्यातले मतदार आणखी कमी, प्रत्यक्ष मत देणारे त्याहून कमी. एका भाऊबंदकीचा रुसवा निकाल फिरवू शकतो. उमेदवाराला प्रत्येक घराचा उंबरा ठाऊक असतो, आणि प्रत्येक उंबऱ्याला उमेदवार.

(दृश्य: सभागृह. पारदर्शक बरणी. शाळकरी मुलगी चिठ्ठी काढते.)

आरक्षणाची सोडत हा तालुक्यातला सगळ्यात ताणलेला तास. चिठ्ठी शाळकरी मूल काढतं. महाराष्ट्रात अर्ध्या जागा महिलांसाठी, म्हणजे सतरापैकी नऊ. चिठ्ठी उघडली की वर्षानुवर्षं तयारी करणारा कार्यकर्ता आपला प्रभाग महिलांना गेल्याचं ऐकतो, आणि त्याच रात्री घरातल्या बाईंचं नाव बॅनरवर चढतं. काही बायका पाच वर्षं नवऱ्याच्या सावलीत काढतात. काही दुसऱ्याच सभेत इतिवृत्त वाचायला मागतात, आणि मग घरचे नि बाहेरचे दोघेही सावध होतात.

इतर मागासवर्गाच्या जागांचा प्रश्न २०२१ च्या निवडणुकीत ऐन वेळी न्यायालयात अडकला. २१ डिसेंबरला बाकीच्या जागांचं मतदान झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या जागा सर्वसाधारण झाल्या आणि त्यांचं मतदान १८ जानेवारी २०२२ ला झालं. एकाच गावात शेजारच्या दोन गल्ल्यांनी महिनाभराच्या अंतराने मतं दिली.

(दृश्य: रस्त्याचं काम. घंटागाडी. नव्या पथदिव्यांची रांग.)

नगरपंचायत झाल्यावर काय मिळतं? नगरविकास विभागाचा निधी, अभियंता, घंटागाडी, अग्निशमनाची निदान आशा. घरकुलाचा आकडाही बदलतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात घराला १ लाख २० हजार मिळायचे. शहरी योजनेत केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख. मात्र ग्रामीण यादीत नंबर लागायची वाट बघणाऱ्याला शहरी योजनेत नव्याने अर्ज करावा लागतो. आणि जागेची कागदपत्रं दाखवताना नमुना आठच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या, उताऱ्यावर भागत नाही.

गाव जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या मतदारयादीतूनही बाहेर पडतं. गावातली प्राथमिक शाळा मात्र बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेचीच राहते. पोरं ज्या शाळेत जातात, ती चालवणाऱ्यांना निवडण्याचा हक्क आईबापांना उरत नाही.

(दृश्य: जुनं छायाचित्र. चावडीसमोर सतरंजी, बसलेली माणसं, एक बाई उभी राहून बोलतेय.)

आणि ग्रामसभा जाते. वर्षातून किमान चार वेळा, सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर अशा दिवशी भरणारी. मान्य आहे, कित्येक ग्रामसभा कागदावरच होत होत्या. शंभर सह्या घरोघर फिरून गोळा केलेल्या असत. तरीही मतदारयादीत नाव असलेल्या कुणालाही उठून, ‘पाइपलाइनचे पैसे कुठे गेले?’ असं विचारायचा कायद्याने दिलेला हक्क होता. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत बोलतात ते नगरसेवक. नागरिक फार तर मागच्या खुर्चीवर बसून ऐकतो. राज्यघटनेने शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्या बंधनकारक आहेत तीन लाखांवरच्या शहरांना. बारा हजारांच्या गावाला दोन्हीकडून काही नाही.

निधीच्या बदल्यात हा सौदा झाला, असं आम्हाला हा माहितीपट करताना सतत वाटत राहिलं. सौदा तोट्याचाच आहे असं नाही. पण तो झालाय, हे गावाला कुणी सांगितलेलं नसतं.

(दृश्य: भिंतीवर पसरलेला मोठा रंगीत नकाशा. एक शेतकरी बोटाने आपला गट नंबर शोधतोय.)

नगरपंचायतीने कधीतरी विकास योजना करायची असते. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे जमिनीचा वापर ठरतो. कुणाच्या गटावर बगीचा, कुणाच्या बांधावरून पंधरा मीटरचा रस्ता, कुणाच्या विहिरीवर भाजी मंडई. आरक्षण पडलेली जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक कायद्याने नोटीस देऊ शकतो. पण दहा वर्षं म्हणजे मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण आणि एक कर्ज.

या नकाशाचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर पुन्हा तीस दिवस मिळतात. या वेळी हद्दीचा प्रश्न नसतो, स्वतःच्या जमिनीचा असतो. हरकत लेखी द्यायची, आवक क्रमांकाची पोच घ्यायची आणि नियोजन समितीपुढच्या सुनावणीला मोजणीचा नकाशा घेऊन स्वतः हजर राहायचं.