नमस्कार कुठे गेला?

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं डोळ्यांसमोर आणा. त्याची एकच कड झिजलेली असते, कारण रोज भाकरीखाली तीच जाते. शब्दही असेच झिजतात. सगळे नाही, रोजच्या कामाचे. त्यातही भेटताना, निघताना आणि समोरच्याला मान देताना म्हणायचे.

इटलीत भेटताना नि निघताना 'चाव' म्हणतात. हा शब्द व्हेनिसचा. पूर्वी तिथे म्हणत, 'मी आपला दास'. त्यातला दास तेवढा उरला, आणि झिजून झिजून तोही 'चाव' झाला. इंग्रजीतलं 'गुडबाय' म्हणजे मुळात 'गॉड बी विथ यी', देव तुमच्या सोबत असो. 'गुड मॉर्निंग', 'गुड डे' यांच्या संगतीनं गॉडचं गुड झालं आणि देव आत लपला. गोव्यात मात्र कोंकणीत आभार मानताना आजही 'देव बरें करूं' असं पुरतं म्हणतात, आणि मला ते फार गोड लागतं. जपानी माणूस दुपारी 'कोन्निचिवा' म्हणतो. त्याचा अर्थ नुसता 'आजचा दिवस तर...'. पुढचं वाक्य कुणी बोलतच नाही. 'सायोनारा' म्हणजे 'तसं असेल तर...'. तेही अर्धंच! आपण नाही का पायात चपला घालताना म्हणत, 'बरं, मग...' आणि सगळ्यांना कळतं, पाहुणे निघाले.

स्पॅनिशमधलं 'उस्तेद', म्हणजे आपलं 'आपण', ते मूळचं 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा'. पोर्तुगीजमधलं 'व्होसे' मूळचं 'व्होसा मेर्से', अर्थ तोच. ब्राझीलमध्ये घाईच्या बोलण्यात त्याचं नुसतं 'से' उरतं. पुन्हा सांगते, जो शब्द तोंडात जास्त, तोच झिजतो जास्त.

आपल्याकडे उपाध्यायांचे पाध्ये झाले, उत्तरेत ओझा झाले, पुढे झा झाले. आणि 'आलं आहे' असं घरात कोण म्हणतं? 'आलंय' म्हणतो आपण. याला आळस म्हणणारी माणसं आहेत, मला ते मुळीच पटत नाही. मुलानं निबंधात 'आलंय' लिहिलं म्हणून त्याखाली लाल रेघ ओढू नये, असं मला मनापासून वाटतं. ते पोर घरी जसं बोलतं, तसं लिहितं आहे.

आणि आजी? संस्कृतातली 'आर्यिका', प्राकृतातली 'अज्जिआ', ती आपली आजी. तर आता माझ्या आजीची गोष्ट.

मी तेव्हा तिसरीत होते. मे महिन्याची सुट्टी, गाव संगमेश्वराकडचं. आजीला अक्षरओळख नव्हती. काका गिरगावात चाळीत राहायचे आणि महिन्याला त्यांचं कार्ड यायचं. साधं पोस्टकार्ड. पत्ता सोडला तर दीड बाजू लिहायला, तेवढ्यात महिन्याभराचं सगळं बसवायचं. कार्डावर नेमानं लिहिणारा माणूस मला आजही भरवशाचा वाटतो.

एरवी पत्र आजोबा वाचून दाखवायचे. त्या दिवशी ते बाजाराला गेले होते. आजी पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. ती म्हणाली, "वाच गो तू." मी ताठ उभी राहिले आणि वाचलं, "ती आईस, शि सा न वि वि. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत..."

"थांब," आजी म्हणाली. "नमस्कार कुठे गेला?"

मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. म्हटलं, "आजी, नमस्कार लिहिलेलाच नाही."

आजीचा हात थांबला. "असं व्हायचं नाही. तो नमस्कार केल्याशिवाय लिहायचा नाही. नीट बघ."

मी पुन्हा वाचलं, शि सा न वि वि. तिनं पुन्हा मान हलवली. तेवढ्यात आजोबा आले. पिशवी खाली ठेवली, कार्ड हातात घेतलं आणि वाचलं, "तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष." त्या पाच अक्षरांतून एवढं सगळं बाहेर आलेलं पाहून मी थक्क झाले. आजीनं आठळ्यांचं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि मुंबईच्या दिशेला, म्हणजे आमच्या गोठ्याकडे बघून म्हणाली, "औक्षवंत हो." मग मला म्हणाली, "नमस्कार आल्याशिवाय आशीर्वाद कसा देऊ मी? हां, आता वाच पुढे."

श्रोतेहो, औक्ष म्हणजे आयुष्यच, जिभेवर झिजलेलं. हे मला फार पुढे कळलं.

पत्रातली ही अक्षरं आजोबांनी मला त्या सुट्टीत शिकवली. ता. क. म्हणजे ताजा कलम, मु. पो. म्हणजे मुक्काम पोस्ट, ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम. चि., सौ., रा. रा. म्हणजे राजमान्य राजेश्री. एक मात्र मला कधीच आवडलं नाही, ते म्हणजे गं. भा. गंगाभागीरथी असं कितीही पवित्र म्हटलं, तरी नवरा गेल्याची खूण बाईच्या नावाआधी कार्डावर कशाला? पोस्टमनपासून सगळे ती वाचणार. आता लग्नपत्रिकांतून हे कमी होत चाललंय, त्याचा मला आनंद आहे.

दुसऱ्या दिवशी उलट टपालाचं कार्ड मी लिहायला बसले. आजी सांगत होती, मी लिहीत होते. आदल्या दिवशीची चूक मनात होती. म्हणून 'चिरंजीव' पुरतं लिहिलं, 'अनेक आशीर्वाद' पुरतं लिहिलं, तेही टपोऱ्या अक्षरात. दोन ओळी संपल्या. आजीला वाचता येत नव्हतं, पण जागा किती गेली ते तिला बरोबर दिसत होतं.

"एवढं कशाला लिहितेस गो? चि. लिही, अ. आ. लिही. तो तिकडे पुरतं वाचील."

"आणि उरलेल्या जागेत?"

"उरलेल्या जागेत लिही, म्हैस व्यायली. रेडी झालीय."